आमच्या शाळेचा पट 41 आहे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवी, पट 41, शिक्षक तीन. खाली नाव लिहीत नाही. का, ते आपण जाणताच.

आता सातवीत असलेला एक मुलगा गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आला. "मॅडम, अपात्र म्हंजे काय राह्यते जी?" मला वाटलं, धड्यातला शब्द असेल. वह्या तपासता तपासताच सांगून टाकलं, "अपात्र म्हणजे लायक नसलेला." तो "बरं" म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी त्याची आई भेटली तेव्हा उलगडा झाला. त्याचे वडील हंगामाच्या शेवटी जिवानिशी गेले होते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात मदत मिळणार की नाही, याचं पत्र घरी आलं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं या पोराने. कर्ज होतं, पण विनापरवाना सावकाराचं. असं कर्ज मदतीसाठी धरत नाहीत, म्हणून सरकारी भाषेत प्रकरण अपात्र. आणि मी त्याला सांगून बसले होते, अपात्र म्हणजे लायक नसलेला. तो शब्द त्याने बापाला लावला की स्वतःला, हे विचारण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

पात्र ठरणाऱ्या घराला 2006 पासून एक लाख रुपये मिळतात: 30,000 हातात, 70,000 ठेवीत. ती रक्कम पुरेशी आहे की नाही, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दुसरंच विचारायचं आहे. अशा घरी तलाठी येतात, पोलीस येतात, पुढारी येतात, फोटो निघतात. त्या गर्दीत लेकराशी कोण बोलतं?

आमच्याकडे अशा पोराबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे: "बाप गेला, पण पोट्टं समजदार निघालं." कौतुकानेच म्हणतात. समजदार म्हणजे काय, तर तो सहलीचे पैसे मागत नाही. फायनान्सवाल्याचा फोन आला की "माय घरी नाही" असं न अडखळता सांगतो. शनिवारी शाळा सुटली की फवारणीला जातो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन गल्लीभर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरणारा हा मुलगा यंदा ओट्यावर बसून होता. मी विचारलं तर म्हणाला, "ते लहान पोट्ट्यायचं राह्यते." वय वर्षं तेरा! आपण याला खंबीर म्हणतो. मला तो वेळेआधी म्हातारा झालेला दिसतो.

बाप गेलेल्याच घरांचं हे आहे, असंही नाही. सोयाबीन पडत्या भावात विकावं लागलं की त्या आठवड्यात कोणत्या घरात भांडणं झाली, हे मला वर्गात बसल्या जागी कळतं. एक जण गृहपाठ आणत नाही, एक विनाकारण मारामारी करतो, एकीचं पोट दुखतं. आठवी-नववीतली पोरं खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, चघळायला लागली आहेत. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खर्रा घोटण्याचा आवाज शाळेच्या रस्त्यापर्यंत येतो. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. बातमी वाचून मला आनंद झाला, मग मी पट मोजला. आमच्या परिसरातल्या बहुतेक शाळा शंभराच्या आतल्या. म्हणजे आमच्या वाट्याला आलं ते जोडून घेणं. कोणाशी जोडून घ्यायचं? विदर्भात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय एकच, नागपूरला. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जायचं तरी आईचा एक रोज बुडतो.

फोन आहे, हे मान्य. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मुलांच्या मदतीचा 1098 त्याच्याही आधीपासून. दोन्ही क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेत, पुसू देत नाही. पण दोन खोल्यांचं घर, त्यात एकच मोबाइल, तोही दिवसभर वावरात. संध्याकाळी मोबाइल घरी येतो तेव्हा आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळे तिथेच असतात. तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्यासमोर काय बोलणार?

शिबिरंही होतात. फ्लेक्स लागतो, दीपप्रज्वलन होतं, एक सद्गृहस्थ "संकटांना घाबरू नका" असं तासभर सांगतात, आलुबोंडा वाटतात, गाडी निघून जाते. पुन्हा तो माणूस दिसत नाही. लेकरू पहिल्या भेटीत हवापाण्यावर बोलतं. चौथ्या-पाचव्या भेटीत कुठे खरं काही निघतं.

महोदय, मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी बस आठवा. आमच्या मुली सातवीनंतर शिकल्या त्या या बसमुळे. आधी पुढची शाळा दूर म्हणून मुलगी घरी बसायची आणि वर्षा-दोन वर्षांत तिचे हात पिवळे व्हायचे. बसने भाषण केलं नाही. ती रोज ठरल्या वेळी फाट्यावर आली, एवढंच. आता मुलींना कंडक्टरचं आणि कंडक्टरला मुलींचं नाव माहीत असतं. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तो विचारतो.

मला समुपदेशक हवा तो असा. शाळेला नको, केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला द्या. केंद्रप्रमुखाच्या हाताखाली आठ-दहा शाळा असतातच. प्रत्येक शाळेचा पट वेगळा न मोजता केंद्राचा एकत्र मोजा, शंभराची अट सहज पूर्ण होते. माणूस एकच असावा, त्याचा प्रत्येक गावाचा वार ठरलेला असावा आणि निदान तीन वर्षं त्याची बदली नसावी. त्याला वऱ्हाडी कळावी. आश्रमशाळा असेल तिथे कोलामी किंवा गोंडीही. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण द्या, जरूर द्या. पण त्या मुलाच्या वहीवर लाल शेरा मारणारी मीच. माझ्यापाशी तो सगळं कसं बोलेल?

त्याच माणसाने आणखी एक काम करावं. ज्या मुलांचे आई किंवा वडील नाहीत, त्यांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. या मुलाच्या आईला ते ठाऊकच नव्हतं. कळल्यावर तिने चार खेपा घातल्या. एकदा फोटो कमी, एकदा दाखला जुना. ऐन वेचणीत चार दिवसांची मजुरी गेली. हा अर्ज शाळेत भरून घेता येत नाही का? बोनाफाईड आम्हीच देतो, आधार आमच्याकडे आहे, मुलगा तर समोरच बसलेला असतो.

आपण या भागात आलात तर शाळेत जरूर या. फक्त कापसाच्या दिवसांत येत असाल तर दिवस बुडाल्यावर या. आया वेचणीहून तेव्हा परततात, मोजमाप करून पैसे घेऊन. दुपारी आलात तर आम्ही तीन शिक्षक, 41 मुलं आणि सरपंच, एवढेच भेटू.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, जिल्हा यवतमाळ