काकणं उतरवण्याआधी विचारा

मा. संपादक,

परिचारिका आणि शिक्षकांनी समोरच्याची भाषा आणि रीतभात सांभाळून काम करावं, या ‘सांस्कृतिक सुरक्षितते’वरचा कालच्या अंकातला लेख वाचला. सीमाभागातल्या दवाखान्यांत मराठी फलक लागले, मराठी बोलणाऱ्या सिस्टर आल्या की प्रश्न मिटेल, असा त्याचा सूर आहे. फलक हवेतच, त्यासाठी आम्हीही मोर्चात चाललो आहोत. पण तेवढ्याने भागत नाही.

बेळगावच्या एका दवाखान्यात माझ्या सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. सिस्टर स्वच्छ मराठी बोलणारी. आत नेण्याआधी तिने डोरलं काढून माझ्या हातात दिलं, ओल्या कापसाने कुंकू पुसलं, आणि हिरवी काकणं निघेनात म्हणून पलंगाच्या दांडीवर मनगट ठेवून ती फोडली. एका शब्दाने सांगितलं नाही. मामंजी खाली औषधं आणायला गेलेले. सासूबाई किंचाळल्या, “त्यास्नी काय झालं?” ब्लडप्रेशर असं चढलं की ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. वॉर्डातल्या आयाबाई कन्नड, मराठी जेमतेम; पण त्याच धावत गेल्या आणि मामंजींना आणून सासूबाईंच्या समोर उभं केलं. त्यांच्या घरीही हीच रीत.

काकणं काढावी लागतात हे मला कळतं. सलाईन लावायचं असतं, हात सुजला तर काच रुतते. पण आधी सांगितलं असतं, तर सासूबाईंनी साबण लावून स्वतःच उतरवली असती आणि मनगटाला धागा बांधून घेतला असता.

सांस्कृतिक सुरक्षिततेची कल्पना मांडणाऱ्या न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांचं म्हणणंच हे होतं, की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ साली ते परिचारिकांच्या शिक्षणात आणलं. तुमच्या लेखात न्यूझीलंड आहे, रुग्ण कुठेच नाही.

शाळांना तर लेखकाने दोनच ओळी दिल्या, त्याचा जास्त राग आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं संविधानाचं ३५०-अ कलम सांगतं. माझ्या माहेरच्या गावी मराठी शाळेत पहिलीला आलेल्या बाईंना मराठी येत नाही. लघवीला जाऊ का, हे विचारता येत नाही म्हणून भाच्याचं पोर चड्डी ओली करून घरी येतं. यात बाईंचा दोष नाही, त्यांना तिथे नेमणाऱ्यांचा आहे. त्यावर सविस्तर लिहा, आणि लिहिण्याआधी लेखकाला अशा वर्गात एक दिवस बसवा.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव