गिअरबॉक्सचे ऑईल चुकले, तर गाडी सुरू करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑटोमॅटिक गाड्या आता तालुक्याच्या गावीही दारोदारी दिसतात. गुडघे दुखणाऱ्या शिक्षिका, निवृत्त बँक कर्मचारी, रोज घाट उतरून कामावर जाणारी मंडळी, सगळेच त्या चालवतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गिअरबॉक्सचेच काम करतो. ओढून आणलेल्या गाडीचा मालक पुष्कळदा एकच हकिकत सांगतो: घरी ऑईल बदलले, थोडी चालवली, आता जागची हलत नाही. त्यातला 'थोडी चालवली' हा भाग ऐकला की मला फार वाईट वाटते. कारण ऑईल चुकले तेव्हा गिअरबॉक्स शाबूत होता. 'एक चक्कर मारून बघू' म्हणून गाडी बाहेर काढली, त्या चकरेत तो गेला. हे वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र.

घोळ होतो कसा ते आधी सांगतो. छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात. गाडीखाली पाठीवर पडून वर पाहिले की दोन चेंबर आणि दोन ड्रेन बोल्ट दिसतात. कुठला कशाचा, हे बहुतेक गाड्यांवर लिहिलेले नसते. माणूस इंजिनचा समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडतो आणि वर इंजिनच्या तोंडातून नवे ऑईल ओततो. म्हणजे गिअरबॉक्स अर्धा रिकामा आणि इंजिनात जुने अधिक नवे, जवळपास दुप्पट. इंजिनचे जुने ऑईल काळे असते. काळ्याऐवजी लालसर, हिरवट किंवा पाण्यासारखे पातळ काही पडू लागले, तर तिथेच थांबा. अमेरिकेत मजुरी महाग असल्याने तिथली आपली काही मुले-मुली गाडीचे ऑईल घरीच बदलतात. तिथे सुबारू गाड्यांच्या बाबतीत हा घोळ चांगलाच माहितीचा आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) अशा तिन्हींचे ड्रेन वेगवेगळे असतात. तेव्हा ही चूक अडाणीपणाची मानू नये.

दुसरी चूक दुकानात होते. 'ऑटोमॅटिकचे ऑईल द्या' म्हटल्यावर दुकानदार लाल ऑईलचा, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकच्या एटीएफचा, डबा काढून देतो. पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नाही. होंडा सिटी हे एकच नाव घ्या. २००३ मध्ये आलेल्या पिढीच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा बॉक्स) होता, २००८ च्या पिढीत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) पाच गिअरचा बॉक्स आला, २०१४ च्या पेट्रोल गाडीत पुन्हा सीव्हीटी. तिन्हींना कंपनीने ठरवून दिलेले ऑईल वेगळे. सीव्हीटीत दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो आणि त्याने पुलीच्या गालांना घट्ट धरून राहायचे असते. सीव्हीटीचे ऑईल वंगण देते आणि ही पकडही टिकवते. क्लचप्लेटा अलगद बसाव्यात म्हणून बनवलेले साधे एटीएफ त्यात ओतले तर पट्टा घसरू शकतो, पुलीवर चरे पडतात आणि ते चरे कुठल्याही ऑईलने भरून निघत नाहीत.

एएमटीची गोष्ट याच्या उलट. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला हा प्रकार म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम तेवढे अ‍ॅक्चुएटर नावाचे यंत्र करते. त्याला मॅन्युअलसारखेच गिअर ऑईल लागते. अ‍ॅक्चुएटरचे हायड्रॉलिक ऑईल वेगळे. नावात 'ऑटो' पाहून त्यात एटीएफ ओतणारे भेटतात.

तिसरी चूक पातळीची, आणि ही भल्याभल्यांची होते. बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरबॉक्सला ऑईलची पातळी पाहायची पट्टीच नसते. बाजूचा एक बोल्ट उघडून ऑईल ओघळते का ते पाहायचे असते. काही बॉक्सना हे इंजिन सुरू ठेवून, ऑईल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना करायचे असते. होंडाच्या काही गाड्यांत गाडी गरम करून, बंद करून, साठ ते नव्वद सेकंदांत पट्टी पाहायची असते. घरच्या जॅकवर गाडीचे फक्त नाक वर जाते, गाडी कलते आणि पातळी खोटी दिसते. (जॅकवर उभ्या गाडीखाली इंजिन सुरू ठेवून शिरणे तर जिवाशी खेळ आहे. चारही बाजूंना घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हे काम करू नका.) ऑईल कमी पडले तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लचप्लेटा घसरून जळतात. जास्त झाले तर फिरते भाग ते ताक घुसळावे तसे घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, चूक लक्षात आल्यावर काय करायचे.

इंजिन सुरूच केले नसेल तर काळजीचे कारण नाही. चुकीचे ऑईल काढा, योग्य ते मोजून भरा. बाहेर किती पडले ते मोजलेले असेल तर काम निम्मे सोपे होते. इंजिनात दुप्पट ऑईल गेले असेल तर तेही आधी उतरवा.

इंजिन सुरू झाले पण गाडी हलली नाही, अशी वेळ आली तर ताबडतोब बंद करा. पंप इंजिनवर चालतो, त्यामुळे काही क्षणांत ऑईल व्हॉल्व्ह बॉडीत (दाबाचे ऑईल योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागात) आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शिरते. ड्रेन बोल्टमधून सगळे ऑईल कधीच बाहेर येत नाही. बऱ्याच गाड्यांत निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे एकदा बदलून निम्मे चुकीचे आत राहिले, दुसऱ्यांदा बदलून पाव, तिसऱ्यांदा एक-अष्टमांश. प्रत्येक वेळी मध्ये इंजिन थोडे चालवून ऑईल मिसळू द्यावे लागते, ते गॅरेजमध्येच व्हावे. कूलरच्या नळीतून फ्लश करणारे यंत्र असेल तर आणखी चांगले. खर्च होतो, पण तो ऑईलचा असतो. नव्या बॉक्सचा आकडा लाखाच्या पुढे जातो.

गाडी चालवून झाली असेल आणि आता ती उचलत नसेल, झटके देत असेल, जळका वास येत असेल, तर एक फूटही पुढे नेऊ नका. फ्लॅटबेड, म्हणजे चारही चाके वर घेऊन नेणारा ट्रक, मागवा. क्रेनवाला 'न्यूट्रलला टाका, ओढून नेतो' म्हणेल, त्याला नको म्हणा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि ते कोरडे घासतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाके उचलून नेता येते. चारही चाकांवर चालणारी फक्त फ्लॅटबेडवर.

गॅरेजमध्ये चेंबर तुमच्यासमोर उघडायला लावा. आत लोहचुंबक असतात. त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर तो नेहमीचाच आहे. चकाकणारे तुकडे, लोखंडाचा कीस किंवा क्लचप्लेटांचा काळा चुरा दिसला, तर मात्र बॉक्स खोलावा लागेल. स्कॅनरवर बिघाडाचे काय कोड आले आणि ऑईलचा दाब मोजून किती भरला, हेही विचारा. माझ्याच धंद्यातले काही जण चेंबर न उघडताच 'पूर्ण बॉक्स बदलावा लागेल' सांगतात. हे मला मान्य नाही. चुंबक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एवढ्या खर्चाला हो म्हणू नये.

आणि मेकॅनिकपासून काही लपवू नका. घरी ऑईल बदलले हे सांगायला लोक संकोचतात, मग आम्ही सेन्सर आणि वायरिंग तपासत बसतो आणि तेवढ्यात चुकीचे ऑईल आतच राहते आणि रबरी सील खराब करू शकते. कुठले ऑईल, किती घातले, गाडी किती चालवली, एवढे स्पष्ट सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. डबा आणि बाहेर काढलेले ऑईल सोबत आणा. वॉरंटीत असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स मात्र घरी उघडूच नका. साध्या विम्यातही यांत्रिक बिघाड बसत नाही.

मग लोकांनी घरी काही करूच नये का? मी तसे म्हणणार नाही. आपली गाडी आपल्या हाताने सांभाळणाऱ्या माणसाचा मला आदर आहे. माझी तक्रार गाड्या बनवणाऱ्यांकडे आहे. काही महागड्या गाड्यांबरोबर 'गिअरबॉक्सचे ऑईल आयुष्यभर पुरेल' असे सांगितले जाते. गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी मात्र स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. ग्राहकाने कुणाचे ऐकावे? पातळी तपासण्याची नेमकी पद्धत मालकाला दिलेल्या पुस्तिकेत बहुधा नसते. ती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते आणि ते मॅन्युअल सहज हाती लागत नाही. सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तरीही आजच्या घडीला आमच्याकडे येणारा ग्राहक ऑईलचे नाव मोबाईलवर शोधत असतो.

मागणी मोठी नाही. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टशेजारी 'गिअरबॉक्स' असा ठसा असावा. तिथेच ऑईलचे नेमके नाव कोरलेले असावे. पातळी कशी, किती तापमानाला पाहायची, हे मालकाच्या पुस्तिकेत आणि मराठीसह भारतीय भाषांत छापलेले असावे. ग्राहक संघटनांनी हा विषय ग्राहक व्यवहार विभागाकडे लावून धरावा, आणि आपल्या वृत्तपत्रानेही वाहन कंपन्यांना याबाबत जाहीरपणे विचारावे, ही विनंती.

आपला,
एक गॅरेजचालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर