घेराची किंमत

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले नाचाच्या पोशाखांचे दोन्ही फोटो मी चष्मा लावून नीट पाहिले. रंग तोच, गळा तोच, लांबीही जवळजवळ तीच आणि तरीही एका पोशाखाची किंमत दुसऱ्याच्या चौपट, तेव्हा "बाबा, ही सरळसरळ लूट नाही का?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. लूट थोडी आहे, पण सगळी नाही, आणि ती नेमकी कुठे आहे हे फोटोत दिसत नाही. आयुष्यभर कापड कापलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आधी घेर पाहा. स्वस्त पोशाख चार कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, जोडून केलेला आहे, तर महाग पोशाख पूर्ण वर्तुळाचा आहे. कंबर 70 सेंटिमीटर धरली तर मधल्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 11 सेंटिमीटर येते, तिच्यात 90 सेंटिमीटर लांबी मिळवली की खालच्या कडेचा परिघ सव्वासहा मीटरांच्या वर जातो. एवढी कड दुमडून तिच्यावर टीप मारायची असते. शिवाय हे वर्तुळ चौकोनी कापडातून काढावे लागते, त्यामुळे चार कोपऱ्यांचे मिळून एकवीस टक्क्यांहून अधिक कापड उरते. त्या कोपऱ्यांतून छोटे काहीतरी निघाले तर निघाले, नाहीतर त्यांचे पैसेही गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतात.

त्याहून नाजूक गोष्ट उरेब, म्हणजे तिरप्या, धाग्याची. वर्तुळाकार घेरात कापडाचा धागा काही जागी उभा येतो आणि काही जागी तिरपा, आणि तिरपा भाग स्वतःच्याच वजनाने हळूहळू ओघळत जातो. म्हणून जाणता कारागीर असा पोशाख रात्रभर टांगून ठेवतो, दुसऱ्या दिवशी जमिनीपासून मोजून कड सारखी करतो आणि मगच ती दुमडतो. घाईचे काम असले की ही रात्र वगळली जाते. दुकानात काहीच कळत नाही, पुढे मात्र एक बाजू खाली लोंबू लागते.

कापड आणि वेळ यांच्यानंतर हात येतात. एकोणिसाव्या शतकात शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने वेळ मोजून दाखवला होता: पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटे लागत आणि मशीनवर 1 तास 16 मिनिटे. पुढे मशीन आणखी वेगवान झाली, पण तिच्या सुईखाली कापड सरकवणारे हात फारसे हटले नाहीत. पत्रा यंत्राला सहज उचलता येतो. कापड मऊ असते, ताणले जाते, निसटते. म्हणूनच कपडे शिवण्याचे काम मजुरी कमी असेल त्या देशाकडे सरकत राहते. 2013 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक कपडे शिवणारीच होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. तेव्हापासून फारच स्वस्त कपडा हातात आला की मी खूश होण्याआधी थबकतो.

आता तुझी लूट. न खपलेल्या मालाचा तोटा, दुकानाचे भाडे, जाहिरात आणि गळ्यामागची कंपनीच्या नावाची ती छोटी चिठ्ठी, हे सगळे खपलेल्या कपड्याच्या किमतीत शिरते. त्या चिठ्ठीसाठी जादा पैसे द्यायला माझी तयारी नाही, तुझी असेल तर तो तुझा प्रश्न.

पण सव्वासहा मीटर कड हवी कशाला, असेही तू विचारले आहेस, आणि ते मी नाचणाऱ्या मुलीला सांगावे हे जरा विचित्रच. मला नाचता येत नाही. तरी मशीन चालवताना कुठे गाणे लागले की पाय आपोआप ताल धरतो. नुसते बसून ठेका ऐकतानाही मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात, असे संशोधकांना आढळले आहे. पुढचा ठोका केव्हा पडणार याचा अंदाज शरीर बांधत असते, आणि तो बरोबर निघाला की सुखावते. फार सोप्या ठेक्यात अंदाजाला काम उरत नाही, फार अवघड ठेक्यात अंदाजच लागत नाही; मधल्या ठेक्यावर, जिथे एखादा ठोका हुलकावणी देतो, तिथे माणूस खुर्चीतून उठतो. चार माणसांनी एकाच लयीत हालचाल केली तर त्यांची वेदना सोसण्याची शक्ती वाढते, हेही प्रयोगांत दिसले आहे. तालमीनंतर तुमचा गट पाय सुजलेले असूनही हसत बाहेर पडतो, त्याचे कारण मला तरी यातच दिसते.

घेर याच अंदाजाच्या खेळात सामील होतो. तू गिरकी घेतलीस की तो उचलतो, आणि तू समेवर थांबलीस तरी तो क्षणभर पुढे फिरत राहून मग पायांभोवती गुंडाळला जातो. मागच्या रांगेत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला तुझे थांबणे त्या कडेवरूनच कळते.

तेव्हा असे कर. दोन्ही पोशाख घालून एक पूर्ण गिरकी घे, झटकन थांब आणि आरशात कड पाहा. मग आतली शिवण उलटून बघ. स्वस्तातला पोशाख गिरकीत उचलत असेल तर तोच घे, रात्रभर टांगून ठेव आणि कड खालीवर झालेली दिसली तर माझ्याकडे पाठवून दे. दुमडण मी सोडवून नीट करून देईन.

तुझा,
बाबा