एका गल्लीला एकच अर्ज करू द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशीला गिऱ्हाईक तांब्या घेतं आणि म्हणतं, "यावर नाव घालून द्या." नाव घालायला पाचच मिनिटं लागतात, पण आधीच्या दहा जणांची भांडी रांगेत असतात. पूर्वी लोक तिथंच उभे राहून घाई करायचे. गेल्या दिवाळीत आम्ही गल्लीतल्या बावीस जणांनी या ताटकळण्याचाच उपयोग करून घेतला. मी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्यायचो: ही दाखवा, समोरच्या किराणा दुकानात लाह्या-बत्ताशांवर उटण्याची पुडी फुकट. किराणावाला आपल्या पिशवीत शिंप्याची चिठ्ठी घालायचा, शिंपी शिवलेल्या ब्लाउजबरोबर फराळवाल्या काकूंची यादी द्यायचा. बावीस नावांचा एक कागद गल्लीतल्याच छापखान्यानं उधारीवर छापून दिला. माझ्या दुकानाच्या पायरीशी पणत्या घेऊन बसणाऱ्या कुंभारीणबाईंचं नाव त्यात सगळ्यात वर होतं. त्यांना दुकान नाही, पण दिवाळीला गल्लीत पहिलं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. नाव घातलेला तांब्या न्यायला माणूस परत यायचा, तेव्हा त्याच्या हातात आणखी दोन पिशव्या असायच्या.

22 सप्टेंबर 2025 पासून भांड्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ऑनलाइनवाल्यांच्या जाहिराती लगेच मोबाइलवर झळकल्या. मी फळ्यावर खडूनं लिहिलं. आमचं मार्केटिंग एवढंच, म्हणून तर एकमेकांचा आधार.

आता अडचण सांगतो. गल्लीच्या तोंडाशी एक कमान आणि वसुबारस ते भाऊबीज संध्याकाळी गाड्यांना बंदी, एवढंच आम्हाला हवं होतं. विनापरवाना काही टांगायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. चौकात वाढदिवसांचे फ्लेक्स बघून आम्हीही वैतागतो. (त्या फ्लेक्सना परवाना कोण देतं, हे मात्र अजून कळलेलं नाही.) नगरपरिषदेत एकत्र अर्ज घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "गल्लीच्या नावानं अर्ज घेता येत नाही, प्रत्येकानं वेगळा करा." बावीस अर्ज, बावीस वेळा कागदपत्रं. कुंभारीणबाईंकडे तर दुकानाचा कागदच नाही. परवानगी आली ती पाडवा उलटून गेल्यावर. तोवर नगरपरिषदेच्या मैदानावर बाहेरगावच्या एका सेलचा मंडप उभा होता. त्याची कमान एका अर्जावर, एका दिवसात, भोंग्यासकट.

बाहेरच्यांना बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. धंद्याचं स्वातंत्र्य घटनेनं सगळ्यांनाच दिलंय, आणि त्या मंडपातून माझ्या बायकोनंही चादरी आणल्या. पण एका ठेकेदाराच्या मंडपात चाळीस गाळे असले तरी अर्ज एकच चालतो, मग बावीस दुकानांच्या गल्लीला एक अर्ज का चालू नये?

तेव्हा नगरपरिषदेत प्रशासक होते. डिसेंबरात निवडणूक झाली. नवे नगरसेवक ऐकून घेतात, पण शेवटी म्हणतात, "वरून परिपत्रक आणा." म्हणून हे पत्र.

परिपत्रकात दोनच गोष्टी हव्यात. सणाच्या काळात गल्लीतल्या विक्रेत्यांचा एकत्र अर्ज स्वीकारावा आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगावं; नाही म्हटलं तरी चालेल, पण वेळेत. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात विक्रेत्यांची समिती असते, तिच्यामार्फत पायरीवर बसणाऱ्यांनाही त्या अर्जात घेता येईल. दुसरं म्हणजे मैदान भाड्यानं देण्याआधी गावातल्या व्यापाऱ्यांना त्याच दरात विचारावं. आम्ही बहुधा नाही म्हणू, कारण गल्ली सोडून मैदानावर जाण्यात आमचा फायदा नाही. पण विचारलं तर पाहिजे.

परिपत्रक गणपतीच्या आत निघालं तर बरं. छापखानेवाल्याला कागद मागवायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याची गेल्या वर्षीची उधारी आम्ही नुकतीच फेडली आहे.

आपला नम्र,
भांडी गल्लीतला एक दुकानदार