ॲड्रिनॅलिन ट्रॉलीत होतं, ऑर्डर नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून मी निवृत्त झाले. मध्यंतरी माझ्या धाकट्या जावेला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. संध्याकाळी सलाईनमधून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक दिलं आणि पाठोपाठ, पोटात फार दुखतंय म्हणून, कमरेत डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं इंजेक्शन. थोड्याच वेळात तिचे तळहात खाजायला लागले, ओठ सुजले. "ताई, घसा आवळल्यासारखा होतोय," एवढंच ती बोलली.

ड्युटीवरच्या सिस्टरने धावत जाऊन आरएमओंना, म्हणजे रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावला. फोनवर ऑर्डर मिळाली: एव्हिल (ॲलर्जीचं औषध) द्या, हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) द्या. दिलं. बीपी लागेना. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी, जरा हवा लागू दे म्हणून, तिला धरून बसवलं. मी ओरडलेच, आडवी करा, पाय वर घ्या! बीपी उतरलेल्या पेशंटला असं एकदम उठवलं तर तो हातचा जाऊ शकतो. समोरच्या इमर्जन्सी ट्रॉलीत, अशा वेळी द्यायच्या ॲड्रिनॅलिन इंजेक्शनचे ॲम्प्युल मला दिसत होते. पण "सर सांगेपर्यंत ते देता येत नाही मावशी." सर आले, मांडीत इंजेक्शन गेलं आणि बघता बघता तिचा श्वास मोकळा झाला.

त्या मुलीला मी बोल लावत नाही. तिच्याकडे लेखी ऑर्डर नव्हती आणि उद्या काही झालं असतं तर नोकरी तिचीच गेली असती. माझी तक्रार त्या रुग्णालयाच्या पद्धतीबद्दल आहे. रिॲक्शन म्हटलं की एव्हिल आणि स्टेरॉइड, ही सवय मी माझ्या नोकरीतही पाहिली आहे. एव्हिलने खाज कमी होते, बीपी वर येत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला काही तास जातात. जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरचा अर्धा ॲम्प्युल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत; उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. हृदयावर ताण येईल म्हणून डॉक्टर कचरतात, पण तो धोका मुख्यतः शिरेतून देताना असतो. औषध स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवत होते, आठवतंय ना? ते याचसाठी. केंद्रावर ॲनाफायलॅक्सिसचं, म्हणजे अशा जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीसाठीचं, किट ठेवलेलं असे आणि त्यात ॲड्रिनॅलिन असे. शाळेच्या वर्गात भरलेल्या लसीकरण केंद्रावर जी तयारी होऊ शकली, ती लिफ्ट आणि एसी असलेल्या रुग्णालयात का नसावी? "गंभीर रिॲक्शन दिसताच सिस्टरने ॲड्रिनॅलिनचा पहिला डोस द्यावा, मग फोन करावा" एवढी सही केलेली ऑर्डर ट्रॉलीवर चिकटवायला काय खर्च येतो?

आम्हाला मात्र सांगण्यात आलं, "टेस्ट डोस दिला होता, काही आलं नव्हतं." दंडावर पेनने गोल काढून केलेली ती टेस्ट नातेवाइकांना धीर देते खरी, पण ती कोरी आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही असं नाही. शिवाय टेस्ट फक्त अँटिबायोटिकची केली होती. डायक्लोफिनॅकचं काय?

त्याच रात्री तिला घरी न्या म्हणत होते. आम्ही हटून थांबलो, कारण अशी रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते. सकाळी हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डवर दोनच शब्द: "ड्रग रिॲक्शन". कोणत्या औषधाची? विचारलं तर उत्तर, "ॲलर्जी तुमच्या पेशंटला आहे, आम्ही काय करणार?" आता गावातला डॉक्टर तिला ताप-अंगदुखीला काय देणार? दुखण्याच्या गोळ्या दहा नावांनी मिळतात, त्यामुळे कार्डवर ब्रँड नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं, आणि ॲलर्जी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठीही.

अशा घटना कळवण्यासाठी 2010 पासून केंद्र सरकारचा औषध दक्षता कार्यक्रम आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. टोल फ्री नंबर 1800-180-3024. रुग्ण आणि नातेवाईकही कळवू शकतात. फॉर्म भरला म्हणजे डॉक्टरने चूक कबूल केली असं होत नाही, हे त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. तरी रुग्णालयाने तो भरला नाही. शेवटी मीच भरला. संशयित औषधाच्या रकान्यात मला दोन्ही नावं लिहावी लागली, आणि बॅच नंबरची जागा मोकळी सोडावी लागली, कारण रिकाम्या बाटल्या तोवर कचऱ्यात गेल्या होत्या.

— एक निवृत्त परिसेविका, मिरज