ठेचा का ठेवलास?

ता. तासगाव, जि. सांगली

चि. सागर यास अण्णांचे आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलास. आईनं बांधलेला डबा तसाच ओट्यावर राहिला. भांडण माझ्यामुळं वाढलं, हे मान्य. धुण्यात तुझ्या पँटीच्या खिशातनं मावा, ती सुपारी-तंबाखूची पुडी, निघाला, तो मी सगळ्यांदेखत, सूनबाईसमोर आपटायला नको होता. चुकलंच माझं. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

पण शनिवारी रात्री तू ठेचा ताटाच्या कडेला सारलास, ते मी बघितलं. आईला वाटलं, मीठ जास्त पडलं. भाकरीवर ठेचा नसला तर ताट ढकलणारा तू! तात्याचं असंच सुरू झालं होतं. आधी तिखट झोंबायला लागलं, मग जांभई पुरती देता येईना, मग घास बारीक होत गेला. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी घालून दाखवा तोंडात. तात्याचं एकच गेलं. पुढचं तुला सांगायला नको. दहावीच्या सुट्टीत नाकातल्या नळीतनं दूध तूच घालायचास त्याला.

तू म्हणालास, "सरकारला खरंच बंद करायचं असतं तर कारखाने बंद केले असते. कर घेतात आणि वर आम्हाला शहाणपण शिकवतात." मी आवाज चढवला, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, सरकारची बाजू घ्यायची सवय लागलीय. पण रात्रभर विचार केला. तुझं निम्मं खरं आहे. गुटखाबंदी २०१२ ला आली, तरी स्टँडवर मागेल त्याला पुडी मिळते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. आपल्या शाळेसमोरची टपरी तू रोज बघत मोठा झालास. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र पाहिजे म्हणतात. आणि मावा? तो समोर घासून साध्या प्लॅस्टिकात रबर लावून देतात, त्यावर कुठलं चित्र येणार?

गॅस्ट्रोची साथ आली की विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकायचं काम माझं असायचं. तिथं मी लोकांना 'तुमचं तुम्ही बघा' म्हणालो असतो तर घरंच्या घरं आडवी झाली असती. विहीर एकट्यादुकट्याला शुद्ध करता येत नाही, ते सरकारनंच करायचं. पण अनुदानातनं बांधून दिलेल्या संडासात शेणी रचलेल्याही मीच बघितल्यात. २०००-०१ ला आर. आर. पाटलांनी, आपल्या आबांनी, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा गाव आपण होऊन खराटा घेऊन उतरलं. तुला खांद्यावर घेऊन मी प्रभातफेरीत हिंडलोय. तू माझी टोपी घालायचास, कानाखाली यायची.

त्याच फेरीत माझ्या गालात तंबाखूचा बार असायचा, सागर. चुना संपला की पानपट्टीवर मी तुलाच पाठवायचो. सहा-सात वर्षांचा होतास, पळत जायचास, पळत यायचास. मला शाबासकी द्यायची सवय होती. हे आठवलं की झोप येत नाही. तात्याच्या ऑपरेशननंतर सोडली, तीही तिसऱ्या खेपेला. म्हणून तलफ काय असते ते मला सांगू नकोस, आणि नाइट शिफ्टला डोळा लागतो हेही सांगू नकोस. चाकणला लाइन इन्चार्ज झालास तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले, ते...

असो. बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. रागावू नकोस.

आबा आपल्या तालुक्यातले. बंदी आली तेव्हा गृहमंत्री होते. २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कॅन्सरनं गेले. त्या दिवशी त्यांच्या गावी, अंजनीला जाऊन आलो, घरी आल्यावर तुझ्या आईशी दोन दिवस बोललो नाही. एवढ्या मोठ्या माणसाला सोडलं नाही, तिथं आपण कोण?

मी सोमवारी ग्रामपंचायतीत त्या टपरीबद्दल अर्ज दिलाय. पोच घेतलीय. पुढं पोलीस ठाण्यातही देणार. कारखान्यांविरुद्ध लिहायचं असेल तर तेही लिही, शुद्धलेखन मी तपासतो. पण सागर, तो निकाल लागेपर्यंत तू वाट बघू नकोस. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तोंड ताठतं ते सुपारीनं. नुसती तंबाखू कमी करून भागत नाही. एकदा ताठलं की पहिल्यासारखं होत नाही. तंबाखूच्या पाकिटांवर मोफत नंबर असतो, १८००-११-२३५६. मी उतरून घेतलाय, कारण तुझ्या माव्याच्या पुडीवर तो नसतो. लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, म्हाताऱ्यासाठी विचारतोय म्हण.

द्राक्षाची छाटणी झाली. यंदा पाऊस लांबला म्हणून पप्पू काळजीत आहे. आक्काचा गुडघा आहे तसाच.

हे पत्र वाचून झालं की आरशासमोर उभा राहा आणि तीन बोटं उभी घालून बघ. दोन गेली तरी खरं लिही. लगेच मिरजेला जाऊ, मी येतो सोबत. आईच्या मोबाइलवर कळवू नकोस, माझ्यावर कळव. तिला ठेच्यात मीठ जास्त झालं असंच वाटू दे.

तुझा,
अण्णा