'तुर्की-मराठी समान शब्दां'च्या याद्यांविषयी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुर्की मालिका आपल्याकडे पाहिल्या जाऊ लागल्यापासून 'तुर्की आणि मराठीतले समान शब्द' अशा याद्या मोबाइलवर फिरत आहेत आणि अधूनमधून त्या छापूनही येतात. कुतूहल म्हणून त्यांना कोणाचीच हरकत नसावी. परंतु किताब, कलम, दुनिया, दोस्त, दुश्मन, पडदा असे शब्द ओळीने मांडून 'हे शब्द मराठीने तुर्कीकडून घेतले' असा जो निष्कर्ष शेवटी काढलेला असतो, तो यांतल्या एकाही शब्दाला लागू पडत नाही. पहिले तीन अरबी आहेत, पुढचे तीन फारसी. ऑटोमन दरबारात आणि दख्खनच्या बहामनी, आदिलशाही, निजामशाही दरबारांत फारसीचा मान मोठा होता, आणि फारसीच्या पोटात अरबी शब्दांचा साठा आधीच भरलेला होता. तुर्कीने आणि मराठीने आपापल्या परीने त्याच साठ्यातून उचल केली. दोन घरांनी एकाच सावकाराकडून कर्ज काढले, म्हणून ती एकमेकांची देणेकरी ठरत नाहीत.

मराठीत खरोखर तुर्की मुळाचे शब्द नाहीत असे मात्र नाही. फक्त ते याद्यांत क्वचित असतात. तोफ हा त्यांतला ठळक शब्द. तुर्कीत 'तोप' म्हणजे चेंडूही आणि तोफही, आणि इस्तंबूलमधील 'तोपहाने' या वस्तीचे नाव म्हणजे आपला तोफखानाच. बातम्यांच्या मथळ्यांत हमखास येणारा 'एल्गार' मूळचा तुर्की असून त्याचा अर्थ घोडदौड करीत घातलेली धाड असा होता. चकमकही तिकडचीच. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडणे आणि आज खिशातला लायटर. आपल्याकडे तो गारगोटीचा दगड झाला आणि पुढे सैन्याच्या दोन तुकड्यांतली झटापटही. मशालजी, तबलजी यांतला शेवटचा 'जी' आदरार्थी नसून, धंदा दाखवणाऱ्या तुर्की 'ची' प्रत्ययाचे ते मराठी रूप आहे. आजही तुर्कीत चहावाला 'चायजी' आणि पत्रकार 'गाझेतेजी' असतो. हे सारे शब्द आपल्यापर्यंत फारसीमार्गेच पोहोचले, हेही सांगायला हवे.

याद्यांचा दुसरा दोष अर्थाच्या बाबतीतला आहे. रूप सारखे दिसले की अर्थही तोच, असे त्या गृहीत धरतात. अरबी 'फकत' म्हणजे केवळ. मराठीने तो अर्थ 'फक्त'मध्ये जसाच्या तसा ठेवला. तुर्कीत मात्र 'फाकात' म्हणजे 'पण'. आपण सभेला हजर असतो, तर तुर्की माणूस 'हाझिर' असतो तेव्हा तो तयार असतो. आपली तारीख कॅलेंडरपुरती. तुर्की 'तारिह'मध्ये इतिहासही येतो. तुर्कीत 'तामाम' म्हणजे ठीक आहे, बरे. आपण तमाम जनतेला आवाहन करतो. आपण न येण्याची सबब सांगतो आणि ऐकणाऱ्याला ती खोटी वाटते, तर तुर्की 'सेबेप' निव्वळ कारण असते, त्यात संशयाला जागा नाही. फारसी 'संगीन' म्हणजे दगडी, जड. तो शब्द तुर्कीत 'झेंगिन' होऊन श्रीमंत झाला आणि आपल्याकडे बंदुकीच्या टोकाला जाऊन बसला. मला सर्वांत गमतीचा वाटतो तो 'इसम'. अरबीत आणि तुर्कीत त्याचा अर्थ नाव असा आहे, आणि मराठीत ज्याचे नाव ठाऊक नाही असा 'अनोळखी इसम' पंचनाम्यात सापडतो.

उच्चारांच्या बाजूने पाहिले तर या तुलनेत खरी मौज आहे, आणि तिचा याद्यांत मागमूसही नसतो. अरबीतले 'हुक्म', 'झुल्म', 'फिक्र', 'इस्म', 'अक्ल' हे शब्द जोडाक्षरावर संपतात आणि असा शेवट दोन्ही भाषांना अडखळवतो. मराठीने मधे स्वर घालून हुकूम, जुलूम, फिकीर, इसम, अक्कल अशी रूपे केली. तुर्कीनेही मधे स्वरच घातला आणि 'ह्युक्युम', 'झुल्युम', 'फिकिर', 'इसिम', 'आकिल' अशी रूपे केली. याहून पुढची गोष्ट अशी, की प्रत्यय लागताच हा मधला स्वर दोन्हीकडे गळतो. आपण 'हुकूमाने' म्हणत नाही, 'हुकमाने' म्हणतो. 'जुलूमाला' नव्हे, 'जुलमाला'. तुर्कीतही 'ह्युक्युम'चे 'ह्युक्म्यु' आणि 'झुल्युम'चे 'झुल्म्यु' होते. यात कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. कापूस-कापसाचा, उंदीर-उंदराला ही मराठीची घरचीच चाल आहे, आणि 'बुरुन' म्हणजे नाक, 'बुर्नु' म्हणजे त्याचे नाक, ही तुर्कीची. पाहुण्या शब्दांना दोघींनी आपापल्या घरचा नियम लावला आणि तो योगायोगाने जुळला. भाषा म्हणून मात्र त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. 'आमच्या घरांमध्ये' हे सगळे तुर्की 'एव्हलेरिमिझदे' या एकाच शब्दात सांगते, आणि नामाला लिंग असते ही कल्पनाच तिला नाही.

शब्द नेहमी तिकडूनच इकडे आले, ही समजूतही तपासून घ्यावी. तुर्की 'शेकेर'च्या मुळाशी फारसीमार्गे गेलेली आपली शर्करा आहे, म्हणजे साखरेची ती सख्खी बहीण. वांग्याचा प्रवास तर त्याहून लांबचा. संस्कृतातल्या 'वातिंगण'सारख्या रूपावरून फारसी 'बादिंगान' आणि अरबी 'बाझिंजान' झाले, तुर्कीत त्याचे 'पात्लिजान' झाले, अरबीतून ते पोर्तुगिजांकडे 'बेरिंजेला' म्हणून गेले आणि पोर्तुगीज ते 'ब्रिंजल' होण्यासाठी पुन्हा भारतात घेऊन आले. तुर्कीने पुढे वाटलेले शब्दही थोडे नाहीत. फारसीतून घेतलेला 'दुश्मन' तिने रुमानियनला दिला, आणि खिशाला ती 'जेप' म्हणते तोच शब्द ग्रीकमध्ये 'त्सेपी' आणि हंगेरियनमध्ये 'झेब' म्हणून नांदतो. आपला खिसा याहून वेगळा. त्याचा तुर्की भाऊ 'केसे', म्हणजे पैशाची थैली.

काही साम्ये तर निव्वळ योगायोगाची असतात. तुर्कीत 'बाबा' म्हणजे वडील खरे, पण असे शब्द लहान मुलांच्या ओठांतून जगभर आपोआप निघतात, त्यांना उसनवारीची गरज नसते. याच न्यायाने नाते जोडायचे ठरवले, तर तुर्कीत 'आयी' म्हणजे अस्वल, याचे काय करावे, ते यादीकारांनीच सांगावे.

आणखी एक गोष्ट या याद्यांत राहून जाते. त्यांत दिलेले कित्येक शब्द आजच्या तुर्कीत मागे पडले आहेत. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने तिथे अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली, १९३२ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या पुढाकाराने भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याचे काम सुरू झाले. 'मेक्तेप' जाऊन शाळेला 'ओकुल' आले, 'तय्यारे' जाऊन विमानाला 'उचाक' आले. उत्तर या अर्थाचा 'जेवाप' टिकला, पण त्याच्या शेजारी 'यानित' येऊन बसला. खुद्द अतातुर्क यांचे १९२७ चे प्रदीर्घ भाषण पुढच्या पिढ्यांसाठी सोप्या तुर्कीत उतरवावे लागले. आपल्याकडे शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत असे प्रयत्न झाले. त्यातून 'दिनांक' रूढ झाला, तरी 'तारीख' हटली नाही. तिकडची मोहीम सरकारने शाळांतून आणि छापखान्यांतून राबवली, म्हणून तिने अधिक शब्द घालवले. त्यात भाषेचे भले किती झाले, याबद्दल मला शंका आहे.

म्हणून विनंती अशी, की आपल्या पत्रात अशी यादी पुन्हा आलीच, तर प्रत्येक शब्दापुढे मूळ भाषा आणि दोन्ही भाषांतला आजचा अर्थ छापावा. हे काम अवघड नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत अरबी, फारसी, पोर्तुगीज मुळांच्या खुणा शब्दांपुढे दिलेल्या आहेत आणि तो कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. तुर्की शब्दांसाठी निशान्यान यांचा व्युत्पत्तिकोशही तसाच उपलब्ध आहे. मोल्सवर्थची प्रत्येक व्युत्पत्ती आज ग्राह्य धरता येत नाही, पण सुरुवातीला ती पुरेशी आहे. जागा कमी पडत असेल, तर पन्नास शब्दांऐवजी दहाच छापावेत.

आपला,
एक वाचक